भाजणे, भट्टी आणि सरपण : जव्हार-मोखाड्यात घरगुती ओव्हन का आला नाही?

प्रास्ताविक

स्वयंपाकघराचा इतिहास लिहिताना एखादे उपकरण केव्हा आले, कोणी आणले आणि त्यामुळे कोणते पदार्थ रूढ झाले, याची नोंद घेण्याची पद्धत आहे. जे उपकरण आलेच नाही, त्याच्या वाट्याला मात्र इतिहास येत नाही. त्याची अनुपस्थिती मागासलेपणात जमा केली जाते आणि विषय तेथेच संपतो. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांच्या बाबतीत असे वारंवार घडले आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी समाजांची वस्ती असलेल्या या डोंगरी मुलखात घरात पदार्थ भाजण्यासाठी बंदिस्त भट्टी नव्हती आणि बहुसंख्य घरांत आजही नाही. येथील आहाराविषयी बाहेरच्यांनी जे लिहिले, त्यात या गोष्टीचा उल्लेख झालाच तर एका उणिवेच्या स्वरूपात होतो. उणीव हा शब्द येथे कितपत लागू पडतो, हे तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. त्यासाठी धान्य, सरपण आणि स्थलांतर या तीन गोष्टींकडे पाहावे लागते. त्यांतही सरपणाकडे अधिक.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ओव्हन म्हणजे केवळ विजेची पेटी नव्हे. पदार्थाला सर्व बाजूंनी कोरडी उष्णता देणारी कोणतीही बंदिस्त जागा, मग ती विटांची असो, मातीची असो वा पत्र्याची, या निबंधात ओव्हन मानली आहे. या व्यापक अर्थाने पाहिले तर चित्र बरेच बदलते.

‘भाजणे’ या क्रियापदाचा आवाका

युरोपीय भाषांत पीठ भट्टीत भाजणे, मांस विस्तवासमोर भाजणे, पावाचा काप शेकणे आणि मडके भाजणे यांसाठी वेगवेगळी क्रियापदे रूढ आहेत. मराठीत या सर्वांचा भार ‘भाजणे’ हे एकच क्रियापद वाहते. भाकरी भाजतात, रवा भाजतात, वांगे भाजतात, मडके भाजतात, वीटही भाजतात. कोकणपट्टीत आणि ठाण्याच्या डोंगराळ भागात आणखी एक गोष्ट भाजली जाते, ती म्हणजे जमीन. पावसाळ्यापूर्वी भात व नाचणीच्या रोपांसाठी वाफ्यावर शेण, पालापाचोळा, गवत व झाडांच्या छाटलेल्या फांद्या पसरून त्या जाळतात. याला राब भाजणे म्हणतात आणि या कामाच्या हंगामाला भाजावळ. मग पावसाच्या पहिल्या सरींनंतर त्याच जागी बी पेरले जाते.

ही केवळ शब्दांची गंमत नाही. जव्हार-मोखाड्यातील कुटुंबाला वर्षभरात ज्या तीन ठिकाणी अग्नीशी काम पडत आले, ती तिन्ही याच क्रियापदाखाली येतात : शेतातील राब, घरातील चूल आणि दिवाळीनंतर पोटासाठी गाठावी लागणारी वीटभट्टी. पहिल्या दोन ठिकाणी लागणारा पाला, काटक्या आणि शेण एकाच जंगलातून व एकाच गोठ्यातून यायचे. एका जागी जास्त जाळले की दुसरीकडे तुटवडा पडायचा. घरात तिसरी किंवा चौथी आग पेटवण्याची ऐपत या हिशेबात कोठे बसत होती, हा खरा प्रश्न आहे.

चूल, वैल आणि फुफाटा

चूल म्हणजे उघडा विस्तव आणि ओव्हन म्हणजे नियंत्रित उष्णता, अशी विभागणी पाठ्यपुस्तकी स्वरूपाची आहे. प्रत्यक्षात मातीच्या चुलीत किमान तीन प्रकारची उष्णता एकाच वेळी उपलब्ध असते. तोंडाशी ज्वाळ असते, तेथे तवा किंवा कालवणाचे मडके चढते. बाजूच्या वैलावर मंद धग मिळते आणि तेथे वरण किंवा पेज गरम राहते. पुढे ओढलेल्या निखाऱ्यांवर आणि त्यांच्या खालच्या गरम राखेत, म्हणजे फुफाट्यात, कोरडी उष्णता असते. फुफाट्यात पुरलेल्या रताळ्याला किंवा कंदाला चहूबाजूंनी सारखी उष्णता मिळते. वरचा राखेचा थर हवा अडवतो, त्यामुळे पदार्थ जळत नाही आणि आतील ओलाव्याच्या वाफेवर शिजतो. बंदिस्त भट्टीत जे घडते तेच येथे भिंतींविना घडते.

पानात गुंडाळून भाजण्याची पद्धत याच्या एक पाऊल पुढची आहे. तांदळाचे किंवा नाचणीचे पीठ पानांच्या दोन थरांत थापून तव्यावर वा निखाऱ्यावर भाजलेले पानगे कोकणात सर्वत्र परिचित आहेत. मासळी पानात बांधून भाजण्याची रीतही तशीच. पानाचे काम येथे भांड्याचे असते : ते ओलावा धरून ठेवते, राख लागू देत नाही आणि आपला वास पदार्थाला देऊन शेवटी जळून जाते. डहाणू-पालघरच्या किनाऱ्यावरून आठवडे बाजारात येणारे सुके बोंबील मात्र थेट निखाऱ्यावर भाजून चटणीत कुटले जातात. त्यांना कसलेही भांडे लागत नाही.

याच पट्ट्याच्या उत्तरेला व दक्षिणेला मडक्याचाच ओव्हन करण्याची प्रथा आहे. वलसाड परिसरातील उंबाडियूमध्ये हिवाळ्यात पापडी, कंद आणि रताळी मसाला लावून मडक्यात भरतात, पाल्याने तोंड बंद करतात आणि मडके उपडे ठेवून भोवती विस्तव करतात. रायगडमधील पोपटीत वालाच्या शेंगा, अंडी किंवा कोंबडी भांबुर्डीच्या पाल्यासह अशाच प्रकारे भाजली जाते. दोन्ही पदार्थ थंडीच्या दिवसांतले व समूहाने करण्याचे आहेत. दोन्ही वालाच्या पिकाशी बांधलेले आणि घराबाहेर, शेताच्या बांधावर शिजणारे आहेत. मडके ही तेथे एका संध्याकाळपुरती उभारलेली भट्टी असते. म्हणजे बंदिस्त उष्णतेचे तत्त्व या भूप्रदेशाला अपरिचित नव्हते. ते रोजच्या स्वयंपाकात कायमच्या बांधकामाच्या रूपाने का स्थिरावले नाही, याचे उत्तर प्रथम धान्यात शोधावे लागते.

गव्हाच्या पिठात पाणी मिसळून मळले की चिवट, ताणले जाणारे ग्लूटेन तयार होते. आंबवलेल्या पिठातील वायू ते धरून ठेवते आणि भट्टीच्या उष्णतेत तो फुगवटा कायमचा घट्ट होतो. पाव हा पदार्थ या एका गुणधर्मावर उभा आहे. नाचणी, वरई आणि तांदूळ ही जव्हार-मोखाड्याची मुख्य धान्ये असून तिन्हींत ग्लूटेन नाही. त्यांचे पीठ कितीही आंबवले तरी त्यातील वायू निसटतो आणि भट्टीत त्याची वीट होते. या धान्यांसाठी मराठी घरांनी शोधलेला मार्ग वेगळा आहे. पीठ कढत पाण्यात मळले की त्यातील पिष्ट फुगून चिकट होते, आणि मग ते हातावर वा परातीत थापता येते. तव्यावर पाण्याचा हात फिरवून दोन्ही बाजूंना पातळ कवच धरवतात आणि भाकरी निखाऱ्यासमोर उभी करतात. आतल्या वाफेने पापुद्रा सुटतो व भाकरी टम्म फुगते. हे सारे काही मिनिटांत उरकते. नाचणीच्या भाकरीसाठी भट्टी बांधणे म्हणजे एका घागरीसाठी तळे खोदण्यासारखे झाले असते.

वरईचा भात होतो, नाचणीची आंबील होते. दोहोंनाही भट्टी नको, मडके हवे. या साऱ्याचा अर्थ असा की येथील स्वयंपाकाची साधने येथील धान्याच्या स्वभावाशी नेमकी जुळलेली होती.

पाव, बाट आणि ‘खालीवर विस्तव’

वास्तविक पालघर जिल्ह्याच्याच हद्दीत, जव्हारपासून फार दूर नसलेल्या वसईत, पावाची भट्टी सोळाव्या शतकात आली होती. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. पाव हा शब्द पोर्तुगीज ‘पाँव’वरून आला. गोव्यात पाव भाजणारा ‘पदेर’ पुढे पोदेर झाला, आणि यीस्टच्या अभावी पीठ फुगवण्यासाठी माडाची ताडी वापरण्याची युक्तीही किनाऱ्यावरचीच. ही भट्टी किनारपट्टी ओलांडून डोंगरात चढली नाही. तिच्यामागे गहू हवा होता, ताडी हवी होती आणि रोज पाव विकत घेणारी वस्ती हवी होती.

किनाऱ्यावरही सवर्ण हिंदू घरांनी तिला दाराबाहेरच ठेवले. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याची लोकसमजूत वसई आणि गोव्यात दीर्घकाळ टिकून राहिली. तीत ऐतिहासिक तथ्य किती हा प्रश्न वेगळा. पावाभोवती बाटण्याची भीती किती दाट होती, हे मात्र तीतून स्पष्ट होते. १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन जातिबंधन झुगारल्याचा पुरावा द्यायचा, अशी प्रथा होती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहापानाने तर न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांसारख्यांना प्रायश्चित्ताच्या प्रकरणात ओढले. चहाबरोबर तेथे बिस्किटेही होती. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात भट्टीत भाजलेला पदार्थ तोंडात टाकणे ही सामाजिक कृती होती आणि तिची किंमत मोजावी लागत असे. पांढरपेशा मराठी घरात ओव्हन उशिरा आला त्यामागे हे मोठे कारण आहे. आदिवासी घरांच्या बाबतीत ते लागू करणे चुकीचे ठरेल; तेथील कारणे अन्य होती.

सोवळ्याच्या स्वयंपाकघरांतही बंदिस्त उष्णता पूर्णपणे अनोळखी नव्हती, हे नमूद केले पाहिजे. जुन्या मराठी पाककृतींत ‘खालीवर विस्तव ठेवावा’ अशी सूचना आढळते. जाड बुडाच्या पातेल्यात मिश्रण ओतायचे, पातेले मंद निखाऱ्यांवर ठेवायचे आणि झाकणावरही निखारे पसरायचे, असा तिचा अर्थ. कोकणातील काकडीचे धोंडस, चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचे निनाव आणि पाठारे प्रभूंची भानोली या पद्धतीने होत असत. गोव्यातील बेबिंक्याचा एकेक थर वरच्या विस्तवाने भाजला जातो. त्यासाठी नारळाच्या सोडणांचा मंद निखारा लागतो. इंग्रज अधिकाऱ्यांच्या बंगल्यांतील खानसामेही देगचीच्या झाकणावर निखारे ठेवूनच साहेबाचा केक तयार करीत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये आणि लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. छापील पाकपुस्तकांच्या या सुरुवातीच्या काळात मराठी गृहिणीचा ओव्हन म्हणजे पातेले, ताटली आणि ओंजळभर कोळसा एवढाच होता.

त्यातला कोळसा कोठून येत होता, हे पाकपुस्तके सांगत नाहीत.

नानकटाईची परात

विसाव्या शतकात पावाभोवतीची भीती ओसरली. इराणी उपाहारगृहे व बेकऱ्या मुंबई-पुण्यात रुळल्या. पुण्यातील कयानी बेकरी १९५५ ची. बेकरी घराच्या कोपऱ्यावर आली तरी ओव्हन घरात आला नाही, आणि त्यातून एक लक्षणीय प्रथा जन्मली. दिवाळीच्या आधी मैदा, रवा, तूप आणि पिठीसाखर घरून डब्यात भरून बेकरीत न्यायची, तेथे नानकटाई वळून पत्र्यावर मांडायची, आपला नंबर येईपर्यंत बाकावर बसायचे आणि किलोवर भाजणावळ देऊन गरम नानकटाई डब्यातून परत आणायची, हा महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांतील अनेक पिढ्यांचा अनुभव आहे. पीठ घरचे, हात घरचे, भट्टी मात्र सामाईक. काही ठिकाणी ही प्रथा आजही टिकून आहे.

ही व्यवस्था मराठी समाजाच्या गरिबीचे लक्षण मानण्याचे कारण नाही. मध्ययुगीन युरोपातही बहुसंख्य शेतकरी कुटुंबांकडे स्वतःची भट्टी नव्हती. फ्रान्समध्ये जमीनदाराच्या सक्तीच्या भट्टीत कर भरून पाव भाजावा लागे आणि तो हक्क राज्यक्रांतीनेच संपवला. कारण तांत्रिक आहे. विटांची भट्टी प्रथम स्वतः तापते, मग पदार्थाला तापवते. तिच्या भिंतींत उष्णता साठवण्यासाठी लागणारे लाकूड एका पावासाठीही तेवढेच आणि शंभर पावांसाठीही जवळपास तेवढेच. रोज एका घरापुरती ती पेटवणे ही उधळपट्टी ठरते. युरोपात घरोघरी ओव्हन आला तो एकोणिसाव्या शतकात, बिडाच्या चुलीसोबत आणि स्वस्त दगडी कोळशाच्या जोरावर. ओव्हनचे तापमान आपोआप राखणारे गॅसचे नियंत्रक इंग्लंडमध्ये १९२३ पासून बाजारात आले. म्हणजे घरगुती ओव्हन ही पाश्चात्त्य समाजाची सनातन परंपरा नाही. जमिनीखालचे इंधन हाती आल्यावर तेथे पडलेली ती सवय आहे.

महाराष्ट्रात मध्यमवर्गाच्या घरी साठ ते ऐंशीच्या दशकांत झाकणाला काचेची खिडकी असलेला गोल ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन आला. ज्यांना तो परवडला नाही त्यांनी प्रेशर कुकरची शिट्टी काढून तळाशी वाळू घातली आणि त्यात केक भाजला. वाळू हळूहळू तापते व उष्णता समान पसरवते. हे तत्त्व फुफाट्याचेच आहे. वाढदिवसाचा केक वाळूत भाजणाऱ्या शहरी गृहिणीला आपण रताळे राखेत पुरणाऱ्या वारली बाईची युक्ती वापरीत आहोत, याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

सरपणाचा हिशेब

जव्हार हे मुकणे घराण्याचे कोळी संस्थान होते. ते १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात समाविष्ट झाले. मोखाडा हा त्यापूर्वीपासून ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याचा पेटा होता. शेजारी असूनही जंगलाच्या बाबतीत दोहोंचे कायदे वेगळे होते. ब्रिटिश मुलखात १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या आणि फांद्या तोडण्यावर निर्बंध आले. राबाला पाला मिळेना, अशी तक्रार ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतून इतकी तीव्र झाली की मुंबई सरकारला १८८५ मध्ये त्यासाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. त्या वादात एका बाजूला वनखाते होते आणि दुसऱ्या बाजूला राबासाठी फांद्या मागणारे शेतकरी. चुलीचा प्रश्न या वादात गौण राहिला, कारण वाळक्या काटक्या गोळा करून ती पेटत होती आणि त्या बायका गोळा करीत होत्या. ज्या कामासाठी मजुरी द्यावी लागत नाही, त्याची नोंद सरकारी अहवालात सहसा कमीच होते.

याच जंगलातून लाकूड व कोळसा शहराकडे जात होता. कोळसा पाडण्याचे काम प्रामुख्याने कातकरी कुटुंबांकडे असे. ठेकेदार उचल देऊन त्यांना जंगलात नेई. लाकडाचा ढीग मातीने लिंपून आत कोंडलेल्या आगीवर दिवसेंदिवस लक्ष ठेवणे, धुराच्या रंगावरून हवेची भोके उघडणे व बुजवणे, हे त्या कामाचे कौशल्य. आग कोंडून उष्णतेवर नियंत्रण ठेवण्याची कला ओव्हन वापरणाऱ्याला जेवढी लागते त्याहून ती कोळसा पाडणाऱ्याला कितीतरी अधिक अवगत असावी लागते. ठाणे जिल्ह्याच्या जंगलातील कोळसा मुंबईच्या शेगड्यांपर्यंत पोहोचत होता. शहरी पातेल्याच्या झाकणावरची ओंजळ अशा जंगलांतून भरली जात होती. ज्यांनी ती भरली त्यांच्या घरात मात्र कोळसा ही विकण्याची वस्तू होती, जाळण्याची नव्हती.

वेठीची पद्धत हा याच हिशेबाचा अधिक कठोर भाग. सायमिंग्टन यांचा मुंबई प्रांतातील आदिवासींविषयीचा १९३९ मधील अहवाल आणि गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९७० चे पुस्तक, या दोन्हींत कर्ज, लग्नगडी आणि विनामोबदला श्रम यांचे चित्र आले आहे. १९४५ च्या वारली उठावाने वेठीवर निर्णायक आघात केला. जे श्रम सावकाराच्या दारी जात होते, ते कुटुंबाकडे परतले. पण तोवर जंगल पातळ झाले होते आणि सरपणासाठीची पायपीट वाढत गेली होती.

यापुढचा अध्याय वीटभट्टीचा. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातील कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वाडा, वसई परिसरातील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. आज या भागात नुसते ‘भट्टीवर गेलेत’ म्हटले की ऐकणाऱ्याला पाव आठवत नाही, वीट आठवते. एक गोष्ट येथे विसरता कामा नये. वर्षातील अनेक महिने जे कुटुंब झाप बांधून तीन दगडांच्या चुलीवर राहते, त्याच्यासाठी मातीची वा विटांची घरगुती भट्टी कोठे बांधावी हा प्रश्नच गैरलागू ठरतो. दर हंगामात हजारो विटा भाजणाऱ्या हातांनी स्वतःच्या अंगणात चार विटांची भट्टी बांधली नाही, हा विरोधाभास वरवरचा आहे. भट्टी स्थिर घर मागते, आणि स्थिर घर हेच येथे हंगामी होते.

वावर-वांगणीनंतर

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात शंभरावर बालके कुपोषणाने दगावली. त्यानंतर जव्हार-मोखाड्याचे नाव महाराष्ट्राच्या नकाशावर त्या एका शब्दाने ठळक झाले. मृत्यूंमागे उत्पन्न, आरोग्यसेवेचे अंतर, पावसाळ्यातील साथी, लवकर होणारी बाळंतपणे आणि स्थलांतर असे अनेक घटक होते. तरीही सार्वजनिक चर्चेत दोष वारंवार आईच्या स्वयंपाकावर आला. ‘त्यांना काय खायला घालायचे हे कळत नाही’ हा सूर त्या काळातील अनेक व्यासपीठांवरून ऐकू येई. इतिहासाच्या दृष्टीने पाहता हा सूर अन्यायकारक आहे, आणि वस्तुस्थितीलाही धरून नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते; गहू आणि तांदूळ तिच्या जवळपासही येत नाहीत. नाचणी मोड आणून, सुकवून, हलकी भाजून केलेले सत्त्व अधिक पचनीय होते आणि त्याची पेज पातळ राहूनही अधिक पीठ सामावते. मुलाच्या पोटाला हे मानवते. हे ज्ञान घरात होते. कमी पडत होते ते धान्य, ते भाजण्या-दळण्याचा वेळ आणि ज्या हातांनी हे करायचे त्यांचे घरी असणे.

या पोकळीत प्रथम शिरले ते बिस्किट. गावातील दुकानात व आठवडे बाजारात पाच रुपयांचा ग्लुकोज बिस्किटांचा पुडा सहज मिळू लागला आणि चहात बुडवलेले बिस्किट हा लहान मुलांचा सकाळचा आहार बनला. भट्टीत भाजलेला मैदा वावरच्या घरात भट्टीच्या कितीतरी आधी पोहोचला. पुडा फोडायला सरपण लागत नाही, वेळ लागत नाही, मूल स्वतःही तो फोडू शकते. आई वीटभट्टीवर असताना या गोष्टीला महत्त्व आहे. त्याच्या पोषणमूल्याविषयी उपदेश करणाऱ्यांनी ही सोय विचारात घेतली नाही.

यावर अलीकडे सुचवला जाणारा उपाय म्हणजे नाचणीची बिस्किटे. कृषी विद्यापीठे, स्वयंसेवी संस्था आणि महिला बचत गट यांच्या प्रशिक्षणांत ती राज्यभर शिकवली जातात. तांत्रिकदृष्ट्या ही निवड योग्य आहे. बिस्किटाला पावासारखे फुगायचे नसते, त्यामुळे ग्लूटेनचा अभाव तेथे फारसा आडवा येत नाही. तूप, साखर आणि मंद उष्णता यांवर काम भागते. नानकटाईचेही गणित हेच आहे. अडचण येते ती उष्णतेच्या पुरवठ्यात. घरगुती विजेच्या ओव्हनला बाराशे ते पंधराशे वॅटची वीज सलग लागते. राज्यात भारनियमन तीव्र असलेल्या २००५ नंतरच्या वर्षांत ती ग्रामीण भागात मिळणे दुरापास्त होते. पावसाळ्यातील खंडित पुरवठा हा डोंगरी पाड्यांचा अनुभव आहे. शिवाय बिस्किटात घातलेले तूप-साखर विकत आणायचे असते आणि तयार झालेले बिस्किट अनेकदा घरातील मुलाला न मिळता विक्रीला जाते. सामाईक भट्टीचा नानकटाईचा नमुना, म्हणजे पीठ घरचे आणि भट्टी गावची, या भागात रीतसर करून पाहण्याजोगा आहे. नागरी मध्यमवर्गाने जी तडजोड पन्नास वर्षे आनंदाने चालवली, तिला डोंगरातील पाड्यासाठी कमी प्रतीचा पर्याय मानण्याचे कारण नाही.

इंधनाच्या बाजूनेही बदल झाले आहेत. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला आणि दोन दशकांच्या आत गुंडाळला गेला. त्यांतील अनेक निर्धूर चुली लवकरच मोडल्या. त्या धूर बाहेर टाकत होत्या, पण घरातील माळ्यावर टांगलेले बियाणे धुरावर टिकते आणि पावसाळ्यात ओले कपडे व ओले सरपण चुलीभोवतीच सुकते, या गोष्टी त्यांच्या रचनेत बसल्या नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्कांचा मार्ग खुला केला. १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅसजोडण्या आल्या. सिलिंडर आला, पुनर्भरणाचा खर्च मात्र रोकड मागतो, आणि रोकड ही वीटभट्टीच्या हंगामावर अवलंबून. त्यामुळे चहा व पाहुण्यांचा स्वयंपाक गॅसवर आणि भाकरी चुलीवर, अशी वाटणी अनेक घरांत झालेली दिसते.

याच सुमारास शहरातील भट्टीही बदलू लागली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस वा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळावे, असे निर्देश दिले. मुंबईच्या पावामागचे लाकूड अलीकडे बरेचसे भंगारातून येत होते. एकेकाळी डोंगरातून उतरणाऱ्या सरपणाशी त्याचा संबंध आधीच पुसट झाला होता. बेकरीमालकांची तक्रार अशी की विटांच्या भट्टीतील साठवलेली उष्णता गॅसला देता येत नाही आणि पावाचे कवच पूर्वीसारखे होत नाही. मोखाड्यातील बाईची गॅसविषयीची तक्रार याहून वेगळी नाही. शेगडीवर तव्यावरची भाकरी होते, पण ती काढून उभी करायला निखारा नसतो. जाळीवर धरली तर ज्वाळ एकाच जागी लागते, कड कच्ची राहते आणि मध्यभागी काळे डाग पडतात. म्हणून सिलिंडर कोपऱ्यात भरलेला असतानाही संध्याकाळी चूल पेटते, भाकऱ्या होतात आणि मग निखारे राखेखाली झाकले जातात. त्या राखेत सकाळपर्यंत एखादा कंद किंवा दोन रताळी भाजून निघतात.